चिंधी बांधलेली रांग

आचोळे
१० ऑगस्ट २००३

लविना,

तू मान वर न करता हात पुढे केलास आणि जितेशने त्यात चिमटा ठेवला, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

तुला वाटतं, मी तुमच्या काचेच्या बश्या फोडल्या तेव्हा बदललं. कॉलेजच्या कमिटीला वाटतं, मी माफी मागायला गेलो नाही तेव्हा. आमच्या बाबांना वाटतं, दुसरं वर्ष अर्धवट टाकून मी ट्रंकेसकट घरी आलो तेव्हा. तुम्ही सगळे चुकताय. मी तुला मेसमध्ये जेवायला बोलवायला आलो होतो, लॅबच्या दारात उभा होतो. तुझे डोळे मायक्रोस्कोपला. तू 'दे' म्हणाली नाहीस, नाव घेतलं नाहीस, नुसता तळवा पुढे. आणि त्या सुरतवाल्याने बरोब्बर चिमटाच ठेवला. सुई नाही, काचपट्टी नाही. चिमटा!

अकरावीपासून आपण एकत्र. त्या वाळवंटातल्या कॉलेजात अख्ख्या वसईतून आपण दोघंच गेलो. इतक्या वर्षांत तुला काय हवंय ते तू न बोलता मला एकदा तरी कळलं होतं का? नव्हतं. म्हणून बश्या फुटल्या. तुमची सहा आठवड्यांची बुरशी होती त्यात, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी फोडल्या असत्या.

असो. आता मला काही वाटत नाही.

तुझं पत्र मिळालं. दीड वर्षाने पत्र, आणि पत्रात काय, तर पानवेली! पहिल्यांदा वाचून फेकून दिलं. आईने केर काढताना उचलून टीव्हीवर ठेवलं, म्हणून पुन्हा वाचलं. मला समजलं ते असं: गिरीजच्या तुमच्या वाडीत तुझ्या पप्पांच्या पानवेलींच्या दोन रांगा तुम्ही मे महिन्यात निवडल्यात. एका रांगेच्या मुळाशी तुम्ही लॅबमध्ये वाढवलेली चांगली बुरशी शेणखतातून घातली. दुसऱ्या रांगेला काही नाही, फक्त लाल चिंधी. पावसात मर रोग येणार, चिंधीवाली रांग मरणार, दुसरी जगणार, आणि शेवटच्या वर्षाचा तुमचा प्रोजेक्ट पार पडणार. मी दर रविवारी जाऊन वेली बघायच्या, मुळाजवळची माती पिशवीत भरून तुला पाठवायची. आणि चिंधीवाल्या रांगेला कोणाला हात लावू द्यायचा नाही. 'पप्पांना पटत नाहीये, ते गुपचूप औषध घालतील. त्यांच्याशी भांडू शकेल असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे,' असं लिहिलंयस.

छान. दीड वर्षात माझा हाच उपयोग आठवला.

जमणार नाही. जितेशला सांग. त्याला न बोलता सगळं कळतं, त्याला तिथे बसून वसईची मातीही कळेल.

मेल करत नाही, कारण तुमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये तू बसतेस तेव्हा तुझ्या खुर्चीमागे कोण उभं असतं ते मी बघितलंय.

सिद्धेश

ता. क. सोबत मातीच्या दोन पिशव्या आहेत. लाल गाठ मारलेली चिंधीवाल्या रांगेची. सहज गिरीजला गेलो होतो.


आचोळे
३१ ऑगस्ट २००३

लविना,

तुझं उत्तर मिळालं. 'आम्हाला माती वेळेवर मिळाली. आम्हाला वाटतं ओल जास्त आहे. आम्ही तुझे आभारी आहोत.' तू कधीपासून आम्ही झालीस गं? तुमच्या फादरचं प्रवचन वाचतोय असं वाटलं मला.

आता रिपोर्ट घे. चांगल्या रांगेत सगळं हिरवं. चिंधीवाल्या रांगेत कुंपणाकडच्या टोकाच्या वेली सुकायला लागल्या. खालची पानं आधी पिवळी पडतात, देठ काळा होतो, बोटाने दाबला की मऊ लागतो आणि सडका वास येतो. हे लिहायला मला तुमची पुस्तकं लागली नाहीत.

तुझ्या पप्पांशी मी रोज भांडत नाही, रविवारी भांडतो. आज चर्चमधून, मिस्साहून आले ते पांढऱ्या शर्टातच रांगेपाशी उकिडवे बसले.

"सिध्या, ही वेल माझ्या बापाच्या वेलीची वेल. तुला म्हायती हाय?"

"हो अंकल."

"गाय आजारी पडली तर कोन बाजूला पाट टाकून बसतं का, किती वेळात मरते ते बघायला?"

"लविनाने सांगितलंय."

"लविनाला तिथं शिकवलं. तुला कोनी शिकवलं? तू तर पलून आला!"

तुझी मम्मी ओट्यावर भात निवडत होती, ती एवढी हसली की सूप हातातून पडलं. मग मला फणसाच्या पानात गुंडाळून काहीतरी गोड दिलं. नाव विसरलो. तुला माहीत असेल.

तुझ्या पप्पांना तुमची ती कल्पना समजावून सांगणं सोपं नाही. एक रांग मरू दिल्याशिवाय दुसरी कशामुळे जगली ते कसं कळणार? मला मात्र लगेच समजली. तुमच्या कॉलेजात सगळं असंच चालतं. शाळेत ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव. तिथे ब्याण्णव मिळाले तरी वर्गाची सरासरी किती ते बघूनच ग्रेड. पेपर चांगला गेला की आपण आधी बाजूच्याचं तोंड बघायचो, त्याचा वाईट गेला असेल तर आपला खरंच चांगला. आठवतं? मेसच्या दह्यावर आपण पैज लावायचो. जळणं हे तिथे अभ्यासक्रमातच होतं, लविना. मी फक्त त्या एका विषयात सगळ्यांच्या पुढे गेलो.

एक विचारायचंय. हे तुझ्या पत्रातून कळायला हवं होतं, तुझ्या मम्मीकडून कळलं. प्रोजेक्ट जमला तर तिकडे हॉलंडच्या विद्यापीठात तुला बोलावणार आहेत म्हणे, पुढचं शिकायला. मम्मीला 'हॉलंड' म्हणता येत नाही, ती 'हालंड' म्हणते आणि क्रूस करते. आणि प्रोजेक्ट तर दोघांचा आहे. म्हणजे दोघंही जाणार?

सरळ उत्तर दे. आम्ही-बिम्ही नको.

सिद्धेश


आचोळे
२१ सप्टेंबर २००३

लविना,

तू उत्तर दिलं नाहीस. 'माती मिळाली' एवढंच. म्हणजे मला समजलं.

रांग अर्धी गेली. वेली आधारावरून सुटून खाली लोंबतायत. तुझे पप्पा आता तिथे येतच नाहीत, विहिरीकडून लांबून जातात. मागच्या रविवारी मिठाच्या बरणीकडे बघत मम्मी म्हणाली, "पोरगी परदेशी जाईल म्हनून घरातली वेल मारायची, असा कुठला शिकवनीचा धंदा?"   ती चुकीचं कुठे बोलली?

आज तुझ्या पप्पांनी मला बाजूला घेतलं. वाडीच्या बावखलावर नेलं, तळ्यात मासे बघायचं निमित्त करून. म्हणाले, "सिध्या, मी हात लावनार नाय. पोरीला शब्द दिलाय. पन तू दिला काय?"

"मला काही सांगितलंय तिने."

"सांगितलं वेगळं. शब्द दिला काय?"

मी दिला नव्हता, लविना. मी 'जमणार नाही' असं लिहिलं होतं. माझ्याजवळ तुझं पत्र आहे, तुझ्याजवळ माझं.

"मग तू टाक मोरचूद. मी चर्चला असेन. आमाला कायच म्हायती नाय."

तर असं आहे. औषध घातलं की चिंधीवाली रांग पुन्हा धरेल, सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. मग दोन्ही रांगा हिरव्या. मग तुमच्या चांगल्या बुरशीने काय केलं आणि काय नाही, कोणाला सांगता येणार नाही. तुझे पप्पा खूश, मम्मी खूश. कोणी मला वाईट म्हणणार नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या वेली वाचवल्या, यात वाईट काय?

वसईच्या बाजारातून मोरचूद आणि चुना आणलाय. पलंगाखाली आहे. आईने विचारलं, "हे कशाला? उंदीर झालेत?" मी म्हटलं, हो.

काय करीन ते विचारू नकोस. तुलाही विचारलं होतं मी काहीतरी.

सि.


आचोळे
५ ऑक्टोबर २००३

लविना,

सोबतच्या मातीबरोबर पाच मेलेल्या वेलींची मुळं आहेत. ओल्या गोणपाटात गुंडाळलीत, लगेच उघड.

झालं ते सांगतो.

मागच्या रविवारी सकाळी मी प्लास्टिकच्या बादलीत मोरचूद कालवला. लोखंडी बादली चालत नाही, हे दुकानदाराने दोनदा सांगितलं होतं. निळं पाणी, त्यात चुन्याची निवळी, आकाशी दूध झाल्यासारखं. बादली झाकून बांधाशी ठेवली. तुझे पप्पा मिस्साला जाणार होते ते गेलेच नाहीत. पांढरा शर्ट घालून दारापर्यंत गेले आणि परत आले. बहुतेक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पण लगेच बघवेना, म्हणून चांगल्या रांगेतल्या वेली बांधायला बसले. मी केळीच्या सालीच्या पट्ट्या फाडून देत होतो. ते वेल आधाराला धरायचे आणि हात मागे करायचे. मी पट्टी ठेवायचो. कोवळी वेल असेल तर बारीक पट्टी, जून असेल तर रुंद. कधी पट्टी नको असायची, कोयती हवी असायची. तीही ठेवायचो. आम्ही बोलत नव्हतो. ते मागे बघत नव्हते.

रांग संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, लविना, की मी काय करतोय.

एक अक्षर न बोलता! मला कसं कळत होतं? कोणी शिकवलं नाही. सात रविवार त्या माणसाच्या मागे उकिडवा बसलो, एवढंच. त्यात प्रेम नव्हतं. तुझ्या पप्पांना मी धड आवडतही नाही. ते फक्त काम होतं. आणि मी त्या चिमट्यासाठी दोन वर्षं जळतोय. प्रेम असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं, एक कानाखाली तरी देता आली असती. कामाशी कसं भांडतात?

तेवढ्यात तुझे पप्पा म्हणाले, "आन आता ती बादली."

मी बादली उचलली. चिंधीपाशी गेलो. खरं सांगतो, तेव्हाही ओतायचीच होती. तुम्ही दोघं हॉलंडच्या थंडीत एका छत्रीत चाललायत असं मला स्पष्ट दिसत होतं. पण मग वाटलं, तूही मान वर न करताच हात पुढे केला होतास, त्या पत्रात. माझी विचारपूस नाही, कसा आहेस नाही. नुसता तळवा. आणि त्यात ठेवायचं काय होतं? काहीच नाही. काही न करणं, तेवढंच मागितलं होतंस. तेवढं तरी तुझ्या हातात बरोब्बर पडावं.

बादली निवडुंगाच्या कुंपणात ओतली. तुझे पप्पा उठले, माझ्या हातातली रिकामी बादली घेतली आणि बांधावर आपटली. मग जे बोलले ते मला अर्धंच समजलं, तुमच्या घरच्या बोलीत होतं. शेवटचं समजलं. "यापुढे फाटकातून आत येयाचा नाय!"

म्हणून आता फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर बसतो. तिथून चिंधीवाली रांग पूर्ण दिसते. कोणी औषध घालायला आलं तर ओरडता येतं. मुळं मम्मीने आणून दिली, पदराखाली लपवून.

जा हॉलंडला. दोघंही जा.

सिद्धेश


आचोळे
२ जानेवारी २००४

लविना,

हे पत्र तुला देणार की नाही ते ठरलेलं नाही. तू आज संध्याकाळच्या गाडीने कॉलेजला परत निघतेयस. स्टेशनवर येशील का असं विचारलंस. मी म्हटलं बघतो. तू म्हणालीस, "बघतो म्हणजे नाही, मला तुझं माहितीय."

तू सुट्टीला घरी आलीयस हे कळलं होतं, तरी नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी येणार नव्हतो. फाटकाबाहेरच उभा होतो. तुझे पप्पा आतून ओरडले, "आता कशाला भायेर? रांग मेली, आता राखन कसली?" मग आलो.

रांगा बघायला तुझ्याबरोबर आलेला जितेश तुमच्या ओट्यावर बसला होता. अंगाने बारीक, डोळ्याला चष्मा, हातात तुमच्या नाताळच्या तळलेल्या, गोड फुग्यांची बशी. फुगा फोडून आत बघत होता.

"भाई, इसमें अंडा है क्या?"

"है," मी म्हटलं. नव्हतं.

त्याने फुगा खाली ठेवला. मला एवढा आनंद झाला! मम्मीने मला चिमटा काढला आणि त्याच्या बशीत अजून दोन फुगे घातले. "नाय रे, अंडं नाय. खा तू." दोन दिवस तो उकडलेल्या बटाट्यांवर होता म्हणे, तुमच्या घरी, नाताळात. मला थोडी कीव आली. थोडीच.

मग आपण वाडीत गेलो. चांगली रांग आधारांच्या वर गेलेली, पानं तळहाताएवढी. आणि चिंधीवाली नुसती काठ्यांची. तू तिथे मान खाली घालून उभी राहिलीस. मला वाटलं रडतेयस. तू वेली मोजत होतीस. जितेश खाली बसून मूळ उकरायला लागला. त्याने मान वर न करता हात मागे केला आणि मी त्याच्या हातात खुरपं ठेवलं.

मी! आईच्यान, हात आपोआप गेला.

जितेशने वर बघितलं. चष्मा नीट केला. "थँक्स, भाई." मग म्हणाला, "ये लाइन नहीं मरती ना, तो हमारा कुछ भी नहीं था." तू तेव्हाही काठ्यांकडेच बघत होतीस. तुझे पप्पा म्हणाले, "मेली ना पोटभर? आता शिका."

परत येताना तू सांगितलंस की जितेश हॉलंडला जाणार नाही. सुरतेत त्याच्या वडिलांचा रंगाचा कारखाना आहे, परीक्षा झाली की तो तिथे बसणार. 'तू कधी सरळ विचारलंस का?' असं म्हणालीस. विचारलं होतं मी, ऑगस्टमध्ये! 'मला वाटलं तू पुन्हा भांडण काढतोयस, म्हणून उत्तर दिलं नाही.' बरोबर. काढतच होतो.

म्हणजे तू एकटीच चाललीयस. मग मी इतके दिवस कोणावर जळत होतो? तो होता तेव्हा सोपं होतं गं. त्याला शिव्या देता यायच्या. आता मी काय, त्या हॉलंडच्या मायक्रोस्कोपवर जळू? जळतोयच. मायक्रोस्कोपवर, तिथल्या थंडीवर, आणि ज्या कोणाच्या शेजारी तुझं टेबल लागेल त्याच्यावर आत्तापासून.

फाटकापाशी तू म्हणालीस, "रिपोर्टमध्ये तुझं नाव येणार. शेवटच्या पानावर, आभारात." तू खुशीत सांगितलंस. मीही मान हलवली. मला आभारात राहायचं नव्हतं, लविना. मला वाटलं होतं तुला ते न बोलता कळेल. मीही तेच धरून बसलो होतो बघ, शेवटी.

परत कॉलेजला ये, म्हणालीस. सर अजून विचारतात, दोन वर्षं मागे पडशील फक्त. मी तुझ्यावर ओरडलो, मला शिकवू नकोस म्हणून. ओरडलो ते माफ कर असं लिहिणार होतो, लिहीत नाही. पण हे खोटं बोललो की मी तिथलं सगळं विसरलो. काहीच विसरलो नाही. दह्यावरची पैजसुद्धा.

तुझ्या पप्पांचा आज सकाळी निरोप आला. खाली दुकानात फोन केला होता. मेलेली रांग मुळासकट काढून जाळायची, नाहीतर शेजारच्या रांगेला लागेल. त्यांची कंबर धरलीय. "त्या पोराला सांगा, त्यानंच मारली, त्यानंच काढायची." आज संध्याकाळी. तुझी गाडीही संध्याकाळीच.

आईने आत्ता विचारलं, "स्टेशनवर चाललास ना? शर्ट तरी बदल."

"गिरीजला," म्हटलं.

"ती तर स्टेशनवर असणार."

"हो."

 आई चहा माझ्यासमोर ठेवून गॅलरीत गेली.

स्टेशनवर आलो तर मी काय करीन ते मला माहीत आहे. तुझी बॅग कोण उचलतंय ते बघीन. हातातून ओढून घेईन. जितेश 'भाई, भाई' करील आणि फलाटावर तमाशा होईल. नाहीतर तू गाडीच्या दारातून हात पुढे करशील आणि मला कळणार नाही त्यात काय ठेवायचं ते. वाडीत कळतं. तिथे राहिलेली लाल चिंधी मी काल सोडवून आणलीय, ती या पत्रात घालतो. पत्र मम्मीकडे ठेवीन. ती कुठे पाठवायचं ते बघेल.

एकच मागतो. तिकडे त्या लॅबमध्ये हात पुढे करशील, आणि कोणीतरी त्यात हवं ते बरोब्बर ठेवील, तेव्हा एकदा तरी वर बघ.

चहा पिऊन झाला. चपला घातल्यात. आई गॅलरीत उभी आहे, मी कुठल्या बाजूला वळतो ते बघायला. आता दार ओढून घेतो.

सिद्धेश